ग्रीक व्यापाराचा मागोवा : द्विकर्ण कुंभांचे मूलस्थान आणि त्यांच्या साक्षीच्या मर्यादा

प्राचीन ग्रीक व्यापाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. अथेन्स, रोड्स किंवा थासोस यांपैकी एकाही बंदराची जकातवही आज उपलब्ध नाही. व्यापाऱ्यांचे हिशेब पपायरसावर किंवा मेण लावलेल्या फळ्यांवर लिहिले जात. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे लेख टिकले. ग्रीसच्या हवेत ते केव्हाच नष्ट झाले. इतिहासकार, वक्ते व नाटककार यांच्या ग्रंथांत व्यापाराचे उल्लेख येतात. परंतु ते प्रासंगिक असून त्यांवरून मालाचे परिमाण वा मार्ग यांचे सलग चित्र उभे राहत नाही. या उणिवेची भरपाई ज्या वस्तूने काही अंशी केली आहे, ती अत्यंत सामान्य आहे. मद्य, तेल, खारवलेले मासे इत्यादी पदार्थ समुद्रमार्गे वाहून नेण्यासाठी वापरला जाणारा मातीचा कुंभ, ही ती वस्तू होय.

या कुंभांच्या अभ्यासाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फार मोठी मजल मारली आहे. एखादी खापरी हाती घेऊन ती कोणत्या नगरराज्याच्या मातीची आहे, आणि अनुकूल परिस्थितीत ती कोणत्या दशकातील आहे, हे सांगणे आता शक्य झाले आहे. तथापि कुंभ कोठे घडला हे सांगणे आणि व्यापार कसा चालला हे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरीकडे जाताना जी अनुमाने करावी लागतात, त्यांतील कोणती सयुक्तिक व कोणती घाईची, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. कुंभाची घडण

ग्रीक भाषेत या भांड्यास 'आम्फोरेउस' अशी संज्ञा होती. तिचे मूळ रूप 'आम्फिफोरेउस' असे असून 'दोन्ही बाजूंनी उचलावयाचे' असा तिचा अर्थ होतो. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ साली रेखालिपी 'ब'चा उलगडा केल्यानंतर हा शब्द इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील मृत्पट्टिकांवरही वाचता आला. लॅटिनमधून आलेले 'अँफोरा' हे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत रूढ आहे. येथे त्यास द्विकर्ण कुंभ किंवा नुसते कुंभ असे म्हटले आहे.

अरुंद मान, खांद्यापासून ओठाखालपर्यंत गेलेले दोन उभे कान आणि बुडाशी निमुळते होत गेलेले भरीव टोक, ही या कुंभाची सर्वसाधारण लक्षणे होत. सपाट भूमीवर असा कुंभ आधाराशिवाय उभा राहत नाही, ही प्रथमदर्शनी गैरसोय वाटते. परंतु गलबताच्या पोटात खालच्या थरातील कुंभांच्या खांद्यांमध्ये ज्या पोकळ्या राहत, त्यांत वरच्या थरातील कुंभांची टोके बसत आणि सर्व रचना घट्ट होई. ओतताना तेच टोक तिसऱ्या मुठीसारखे हातात येई. माती सच्छिद्र असल्यामुळे मद्याच्या कुंभांना आतून राळेचा लेप देत.

इतिहासकाराच्या दृष्टीने या भांड्याचे तीन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की ते स्वस्त होते. रिकामे झाले वा फुटले म्हणजे ते टाकून दिले जाई. दुसरा असा, की भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही आणि धातूप्रमाणे वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. तिसरा गुण सर्वांत मोलाचा. प्रत्येक प्रमुख उत्पादक नगराने आपल्या कुंभाचा एक विशिष्ट घाट ठरविला होता. खिओस बेटाच्या नाण्यांवर स्फिंक्ससमवेत कुंभ कोरलेला असे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटाच्या कुंभाची फुगीर मान जाऊन सरळ मान आली, तेव्हा नाण्यावरील कुंभाचेही रूप पालटले. म्हणजे कुंभाचा घाट ही नगराची ओळख मानली जात होती, आणि ग्राहकाने ती ओळखावी अशी नगराची अपेक्षा होती.

२. मुद्रांकित कान

घाटापेक्षा अधिक बोलका पुरावा म्हणजे काही कुंभांच्या कानांवर, माती ओली असतानाच, उमटविलेल्या मुद्रा होत. थासोस, रोड्स, क्निडोस, कोस, सिनोपी, हेराक्लेया आणि खेर्सोनेसोस ही असे मुद्रांकन करणारी प्रमुख केंद्रे. यांत रोड्सची पद्धती सर्वाधिक सुसंगत आहे. तेथील कुंभाच्या एका कानावर त्या वर्षाच्या सूर्यपुरोहिताचे नाव असे आणि दुसऱ्यावर निर्मात्याचे; पुढे महिन्याचे नावही देण्याची प्रथा पडली. कित्येक मुद्रांच्या मध्यभागी गुलाबाचे फूल किंवा हेलिओस देवाचे किरणमंडित मस्तक आढळते. 'रोडोन' म्हणजे गुलाब. नगराच्या नावावरील हा श्लेष नाण्यांवरही आहे.

सूर्यपुरोहिताचे पद एक वर्षाचे होते. त्यामुळे पुरोहितांच्या नावांचा क्रम लावता आला तर ती वर्षगणनाच होते, हे अभ्यासकांच्या लवकरच ध्यानात आले. पर्गामोन येथे १८८६ साली एकाच ठिकाणी आठशेहून अधिक मुद्रांकित कान सापडले. कार्ल शूखहार्ट यांनी १८९५ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि एका मर्यादित कालखंडातील पुरोहितांचा गट प्रथमच निश्चित झाला. रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज व कॉरिंथ ही दोन्ही नगरे उद्ध्वस्त केली. त्या विध्वंसाच्या थरांखाली सापडणारी नावे त्या वर्षापूर्वीची, हे उघड आहे. अशा स्थिर टेकूंच्या आधारे नावांचा क्रम हळूहळू जुळत गेला.

या कार्यात अग्रस्थान द्यावे लागते ते व्हर्जिनिया ग्रेस (१९०१–१९९४) यांना. अथेन्सच्या आगोरामध्ये, म्हणजे प्राचीन नगरचौकात, अमेरिकन अभ्याससंस्थेचे उत्खनन १९३१ साली सुरू झाले. तेथे निघालेल्या हजारो कानांची सूची करण्याचे काम ग्रेस यांनी हाती घेतले आणि ते आयुष्यभर चालविले. प्रत्येक मुद्रेचे टिपण ठेवणे, एकाच साच्यातून उमटलेल्या मुद्रा ओळखणे, निर्माता व पुरोहित यांची नावे एकत्र आलेले अखंड कुंभ शोधणे, ही त्यांची पद्धती होती. विखुरलेल्या खापऱ्यांचे कालदर्शिकेत रूपांतर झाले ते या चिकाटीमुळे.

ही कालदर्शिकाही दुरुस्तीस पात्र ठरली, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. ॲटिकाच्या पूर्व किनाऱ्यावरील कोरोनी या भूशिरावर १९६० साली उत्खनन झाले. तेथील अल्पकाळ वापरलेल्या लष्करी तळावर टॉलेमी दुसरा याची नाणी मिळाली. त्यांवरून तो तळ क्रेमोनिडीय युद्धाच्या वेळचा, म्हणजे इ. स. पू. २६० च्या दशकातील, असे उत्खननकर्त्यांनी प्रतिपादन केले. परंतु तेथील कुंभ व इतर भांडी तत्कालीन मान्य कालक्रमानुसार सुमारे एका पिढीने आधीची ठरत होती. ग्रेस यांनी १९६३ मध्ये कुंभांच्या आधारे पूर्वीच्या काळाचाच पक्ष घेतला. पुढे अधिक पुरावा जमल्यावर १९७४ मध्ये त्यांनीच आपला कालक्रम सुधारून अलीकडे आणला. २००१ साली जेराल्ड फिंकिएलश्टाइन यांनी रोड्सच्या पुरोहितांच्या क्रमाची पुन्हा तपासणी करून अनेक नावे आणखी काही वर्षांनी खाली आणली. कोणत्याही उत्खननाचा कालनिर्णय एखाद्या रोड्सच्या कानावरून केलेला असेल, तर तो कोणत्या वर्षीच्या सूचीनुसार केला आहे हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

३. माती आणि भट्टी

मुद्रा नसलेल्या कुंभांचे मूलस्थान ठरवावयाचे असेल तर मातीकडेच वळावे लागते. कुंभार जी माती वापरतो तिच्यात त्या प्रदेशातील खडकांचे सूक्ष्म कण असतात. खापरीचा अत्यंत पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीभूत प्रकाशात पाहिला म्हणजे हे कण ओळखता येतात. त्यास रासायनिक पृथक्करणाची जोड दिली असता एका प्रदेशाची माती दुसऱ्यापासून वेगळी काढता येते.

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिनोपीचे उदाहरण घ्यावे. 'अस्तिनोमोस' या नगराधिकाऱ्याचे नाव असलेल्या मुद्रा काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर विपुल सापडत. पण त्या कोणत्या नगराच्या, याविषयी मतभेद होता. बोरिस ग्राकोव्ह यांनी १९२९ मध्ये त्या सिनोपीच्या असल्याचे दाखवून त्यांचे कालानुसार गट पाडले. या कुंभांच्या मातीत पायरॉक्सीन या ज्वालामुखीजन्य खनिजाचे काळे कण असतात. सिनोपीच्या परिसरात यीव्हाँ गार्लां यांनी १९९० च्या दशकात केलेल्या उत्खननात प्रत्यक्ष भट्ट्याच मिळाल्या आणि ग्राकोव्ह यांचे अनुमान जमिनीतून सिद्ध झाले. तथापि असेच काळे कण इटलीतील व्हेसुव्हियसच्या परिसरात घडलेल्या कुंभांतही असतात. म्हणून एका लक्षणावर विसंबून चालत नाही; घाट, सर्व खनिजांचा समुच्चय व भट्टीतील टाकाऊ माल यांचा मेळ बसावा लागतो.

मातीच्या परीक्षेने काही रूढ नावेही संशयास्पद ठरविली आहेत. 'कॉरिंथीय ब' या नावाने ओळखला जाणारा कुंभ दीर्घकाळ कॉरिंथचाच मानला जाई. पुढे कॉर्सायरा (आजचे कॉर्फू) बेटावर फिगारेटो येथे त्याच्या भट्ट्या सापडल्या. इयान व्हिटब्रेड यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीक कुंभांच्या शैलवर्णनात्मक ग्रंथात या प्रश्नाची साधार चर्चा आहे. ज्या बेटाने आपल्या मातृनगराशी इ. स. पू. ४३५ मध्ये युद्ध केले, त्याचा माल मातृनगराच्या नावे जमा होत होता. असे झाले म्हणजे व्यापाराचा नकाशाच चुकतो.

'रोड्सचा कुंभ' हे नावही असेच सावधपणे वापरावे लागते. रोड्सचे राज्य समोरच्या आशियामायनरच्या किनाऱ्यावरही पसरले होते. तेथे हिसारोनू येथे जाँ-इव्ह आंपेरर आणि नुमान तुना यांनी हिएरोटेलीस नावाच्या निर्मात्याची कुंभशाळा शोधून १९८९ मध्ये तिचा वृत्तान्त दिला. तिचे कुंभ रोड्सच्या धर्तीचे आहेत, पण माती बेटावरची नाही. येथे 'रोड्स' हे राज्याचे नाव ठरते, बेटाचे नव्हे.

४. पेपारेथोसचा दाखला

घाट, माती, भट्टी, बुडालेले जहाज आणि ग्रंथ हे सर्व पुरावे एकाच ठिकाणी मिळण्याचा योग विरळा. पेपारेथोस (आजचे स्कोपेलोस) या लहानशा बेटाच्या बाबतीत तो जुळून आला आहे.

डेमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या, लाक्रिटोसविरुद्धच्या न्यायालयीन भाषणात, इ. स. पू. चौथ्या शतकाच्या मध्यातील एका सागरी कर्जाचा करार समाविष्ट आहे. तीन हजार द्राख्मांचे हे कर्ज मेंडी येथील मद्याच्या तीन हजार कुंभांच्या तारणावर दिले होते. हे मद्य काळ्या समुद्राकडे नेऊन विकावयाचे आणि परतीचा माल अथेन्सला आणावयाचा, अशी अट होती. प्रत्यक्षात जहाजावर पाचशे कुंभही चढविले नाहीत, अशी फिर्यादीची तक्रार आहे. त्याच भाषणात वक्ता म्हणतो, की मद्य काळ्या समुद्राकडून अथेन्सकडे येत नाही. ते पेपारेथोस, कोस, थासोस, मेंडी इत्यादी ठिकाणांहून तिकडे जाते.

या चारांपैकी थासोस व कोस यांचे कुंभ पुष्कळ पूर्वीपासून परिचित होते. पेपारेथोसचा कुंभ मात्र कोणासच ओळखता येत नव्हता. वस्तुतः तो अभ्यासकांच्या डोळ्यांपुढेच होता. नीपर नदीकाठच्या सोलोखा या शक दफनटेकडीचे उत्खनन १९१२-१३ मध्ये झाले. तेथे मिळालेल्या कुंभांच्या एका प्रकारास सोव्हिएत अभ्यासकांनी 'सोलोखा–२' असे नाव दिले होते. मूलस्थान अज्ञात असल्यामुळे प्राप्तिस्थानाचे नाव द्यावे लागले. १९९० मध्ये आर्गिरौला दुल्गेरी-इंत्सेसिलोग्लू आणि गार्लां यांनी स्कोपेलोस बेटावरील कुंभशाळांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि 'सोलोखा–२' हा पेपारेथोसचाच कुंभ असल्याचे निश्चित झाले. शेजारच्या इकोस (आजचे ॲलोनिसोस) बेटावर त्सुकालिया येथे 'इकिओन' ही अक्षरे असलेले कानही मिळाले.

दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, ॲलोनिसोसनजीक पेरिस्टेरा बेटाच्या किनाऱ्यालगत बुडालेल्या एका जहाजाचे उत्खनन एल्पिदा हाजिदाकी यांनी सुरू केले. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या चरणातील या जहाजावर सुमारे चार हजार कुंभ असल्याचे अनुमान आहे, आणि ते मुख्यत्वे मेंडी व पेपारेथोस या दोन ठिकाणांचे आहेत. लाक्रिटोसच्या करारातील तीन हजार कुंभांचा आकडा पूर्वी काहींना अतिशयोक्त वाटणे शक्य होते. पेरिस्टेराच्या जहाजानंतर त्या शंकेस आधार उरला नाही. एका भाषणातील चार नावे, नीपरकाठचे एक थडगे, एजियन समुद्रातील भट्ट्या आणि सागरतळावरील मालाची रास यांनी मिळून एक व्यापारमार्ग सिद्ध केला. यांपैकी कोणताही एक पुरावा एकटा घेतला असता, तर तो सिद्ध झाला नसता.

५. साक्षीच्या मर्यादा

इतका समाधानकारक मेळ क्वचितच बसतो. एरवी अभ्यासकाजवळ असतात त्या केवळ खापऱ्यांच्या संख्या. त्यांवरून निष्कर्ष काढताना पुढील पाच गोष्टी ध्यानी धरणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट मोजणीची. अलेक्झांड्रियात रोड्सचे मुद्रांकित कान हजारोंनी सापडतात, तर अथेन्सच्या आगोरात क्निडोसचे कान सर्वाधिक आहेत. यावरून रोड्सचे इजिप्तशी व क्निडोसचे अथेन्सशी घनिष्ठ संबंध होते, एवढे म्हणता येते. परंतु रोड्सचा आकडा खिओसच्या किंवा कोसच्या आकड्याशेजारी मांडून त्यांच्या व्यापाराचे प्रमाण काढणे गैर आहे. रोड्सने बहुतेक कुंभांच्या दोन्ही कानांवर मुद्रा उमटविल्या. कोसने थोड्यांवर, आणि खिओसने क्वचितच. म्हणजे रोड्सचा एक कुंभ मोजणीत दोनदा येतो आणि खिओसचे शंभर कुंभ एकदाही येत नाहीत. संग्रहालयांनी पूर्वी मुद्रांकित कान तेवढे जपून उरलेल्या खापऱ्या टाकून दिल्या, त्यामुळे हा दोष दुणावला. मुद्रांकनाचा हेतू कर होता, मापाची हमी होती की कुंभशाळांवरील देखरेख, याविषयी अद्याप एकमत नाही. हेतूच निश्चित नसलेल्या खुणेस व्यापाराचे माप मानता येणार नाही.

दुसरी गोष्ट आतील पदार्थाची. खिओस मद्यासाठी प्रसिद्ध, म्हणून त्या बाजूचा कुंभ मद्याचा, असे गृहीत धरण्याचा परिपाठ होता. खिओसनजीक बुडालेल्या इ. स. पू. चौथ्या शतकातील एका जहाजावरील कुंभांच्या आतील भागातून मारिया हॅन्सन व ब्रेंडन फोली यांनी प्राचीन आनुवंशिक द्रव्याचे अंश मिळविले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात एका कुंभात ऑलिव्हचे तेल व ओरेगॅनो ही सुगंधी वनस्पती यांचे अंश आढळले. एका प्रयोगावरून मद्यव्यापाराचा इतिहास उलथत नाही. पण 'कुंभ म्हणजे मद्य' हे समीकरण त्याने शिथिल केले आहे.

तिसरी गोष्ट पुनर्वापराची. हिरोडोटसने आपल्या तिसऱ्या पुस्तकात नोंदविले आहे, की ग्रीस व फिनिशिया येथून इजिप्तमध्ये दरसाल मद्याचे कुंभ येतात, तरी देशात रिकामा कुंभ म्हणून दिसत नाही. याचे कारणही तो सांगतो. प्रत्येक गावचा अधिकारी ते गोळा करून मेम्फिसला पाठवितो आणि तेथून पाण्याने भरून ते सीरियाच्या निर्जल वाळवंटात नेले जातात. अशा एखाद्या कुंभाची खापरी वाळवंटात मिळाली, तर तिची माती ग्रीक बेटाची असेल. पण तिने सिद्ध होतो तो पाण्याचा पुरवठा, ग्रीक मद्याचा व्यापार नव्हे.

चौथी गोष्ट वाहतूक करणाऱ्याची. सायप्रसच्या किरिनिया येथे १९६५ साली आढळलेल्या आणि १९६८-६९ मध्ये मायकेल कॅट्झेव्ह यांनी उत्खनन केलेल्या जहाजावर सुमारे चारशे कुंभ होते. त्यांत बहुसंख्य रोड्सचे, पण इतर ठिकाणचेही होते. शिवाय हजारो बदाम आणि जात्याच्या दगडी तळ्या होत्या. असे गलबत एका बंदराहून दुसऱ्या बंदरी माल घेत-विकत जाई. कुंभाच्या मातीवरून त्याच्या मालकाचे वा नाखव्याचे राष्ट्रीयत्व ठरविणे धाडसाचे होय. थासोसच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका शिलालेखाने थासोसच्या जहाजांना विशिष्ट किनारपट्टीत परदेशी मद्य आणण्यास मनाई केली आहे, आणि मद्यात पाणी मिसळणाऱ्यास जी शिक्षा तीच येथेही लावली आहे. मनाई करावी लागली, याचाच अर्थ असा, की थासोसचे नाखवे परक्या नगरांचे कुंभ वाहून नेत होते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती कुंभांत नसलेल्या मालाविषयी आहे. अथेन्सचे जीवन आयात धान्यावर अवलंबून होते. डेमॉस्थेनीसने लेप्टिनीसविरुद्धच्या भाषणात (इ. स. पू. ३५५/४) बॉस्पोरसच्या लेउकोन राजाच्या प्रदेशातून दरसाल चार लाख मेदिम्नोस धान्य येत असल्याचे सांगितले आहे. हे धान्य कुंभांतून येत नसे. त्यामुळे या प्रचंड वाहतुकीची एकही खापरी पिरेउसच्या बंदरात मिळावयाची नाही. तिची अप्रत्यक्ष खूण मिळते ती दुसऱ्या टोकास, शकांच्या थडग्यांत, जाताना नेलेल्या मद्याच्या कुंभांच्या रूपाने. हीच गोष्ट गुलाम, लाकूड, कातडी व कापड यांची. केवळ कुंभ मोजून लिहिलेला ग्रीक व्यापाराचा इतिहास हा मद्य व तेल यांचाच इतिहास होईल, आणि नगरे ज्यावर जगली तो माल त्यातून वगळला जाईल.

६. भारतीय किनाऱ्यावरील एक धडा

मूलस्थान ठरविण्यात चूक झाली तर तिचे परिणाम किती दूरवर जातात, हे भारतातील उदाहरणावरून स्पष्ट होते. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रवर्णनात भडोचच्या आयातीत मद्याचा उल्लेख असून इटलीचे मद्य प्रथम, व त्याबरोबर लाओडिकिया आणि अरबस्तान येथील मद्य सांगितले आहे. पैठण, तेर, कल्याण, सोपारा व चौल ही स्थळे त्या ग्रंथात येतात. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये अरिकमेडू येथे केलेल्या उत्खननात भूमध्यसागरी कुंभांची खापरे सापडली. त्यानंतर दक्षिणेत आणि पश्चिम भारतात तशीच खापरे शोधण्याकडे लक्ष वेधले. डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे केलेल्या उत्खननातही अशा खापऱ्यांची नोंद झाली.

अरिकमेडूच्या खापऱ्यांची एलिझाबेथ लायडिंग विल यांनी पुन्हा तपासणी केली. त्यांत त्यांना कोस बेटाच्या धर्तीचे दुहेरी कान असलेले कुंभ ओळखता आले. हा घाट मूळचा ग्रीक. पुढे इटलीत व अन्यत्र त्याचे अनुकरण झाले. म्हणून घाटावरून 'ग्रीक' म्हणावे की मातीवरून 'इटालीय', हा प्रश्न येथेही उभा राहतो, आणि व्यापाराचा आरंभ कोणत्या शतकात धरावा हे त्या उत्तरावर अवलंबून राहते.

याहून मोठी दुरुस्ती पश्चिम भारतासंबंधी करावी लागली. रॉबर्टा टोम्बर यांनी २००७ व २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले, की पश्चिम भारतात 'रोमन कुंभ' म्हणून नोंदलेल्या पुष्कळ खापऱ्या भूमध्यसागरी नसून मेसोपोटेमियातील आहेत. हे भांडे लांबट, निमुळत्या बुडाचे असते. त्यास कान नसतात, आणि त्याच्या पाणतीरासारख्या आकारामुळे त्यास 'टॉर्पेडो' रांजण म्हणतात. गैरसमज झाला तो मुख्यतः आतील काळ्या लेपामुळे. भूमध्यसागरी मद्यकुंभास आतून राळेचा लेप असतो, तर मेसोपोटेमियातील रांजणास खनिज डांबराचा. लहान तुकड्यावर दोन्ही काळेच दिसतात. रासायनिक परीक्षेत मात्र भेद स्पष्ट होतो. शिवाय हे रांजण पार्थियन काळापासून सासानी व आरंभीच्या इस्लामी काळापर्यंत वापरात होते. अर्थात ज्या खापरीवरून एखादे स्थळ पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमशी जोडले गेले, ती प्रत्यक्षात कित्येक शतके नंतर इराणी आखातातून आलेली असू शकते. येथे केवळ एका भांड्याचे नाव बदलले नाही. मार्ग, काळ आणि व्यापारी तिन्ही बदलले.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. कुंभाचे मूलस्थान हा व्यापारेतिहासाचा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नव्हे. त्याचे उत्तर घाट, मुद्रा, माती व भट्टी यांपैकी किमान दोन स्वतंत्र पुराव्यांनी मिळाले, तरच त्यावर पुढची इमारत उभारावी. त्यानंतर कुंभात काय होते, तो प्रथमच वापरला होता की पुन्हा, आणि तो कोणी वाहिला, हे प्रश्न वेगवेगळे विचारावे. संख्यांची तुलना करताना मुद्रांकित कानांऐवजी सर्व खापऱ्या मोजाव्या. सरतेशेवटी, जो माल कुंभात भरला जात नव्हता त्याची जागा नकाशावर रिकामी न ठेवता ग्रंथ व शिलालेख यांच्या आधारे भरावी.

महाराष्ट्रातील व कोकणातील अभ्यासकांच्या दृष्टीने यातील व्यावहारिक बोध उघड आहे. विद्यापीठांच्या व संग्रहालयांच्या कोठारांत पूर्वीच्या उत्खननांतील ज्या खापऱ्या 'अँफोरा' अशी चिठ्ठी लावून ठेवलेल्या आहेत, त्या प्रत्येकीच्या आतील लेपाची व मातीची परीक्षा होणे अगत्याचे आहे. ज्या नोंदींच्या आधारे सातवाहनकालीन बंदरांचा पश्चिमेशी असलेला संबंध पाठ्यग्रंथांत शिकविला जातो, त्यांतील किती नोंदी भूमध्यसागराकडे बोट दाखवितात आणि किती आखाताकडे, हे त्या परीक्षेनंतरच निश्चितपणे सांगता येईल.